इंग्रजी धावते, मराठी चालते

मराठी माध्यमातून शिकून महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील कोणते शब्द अवघड वाटतात असे विचारले, तर तो बहुधा लांबलचक शब्दांची यादी पुढे करील. ‘इंडस्ट्रियलायझेशन’, ‘डिसइक्विलिब्रियम’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ असे शब्द पाहिले की त्याची छाती दडपते. वस्तुतः हे शब्द दिसायला उग्र असले तरी स्वभावाने गरीब असतात. त्यांना बहुधा एकच अर्थ असतो. एकदा कोश उघडून प्रतिशब्द पाहून ठेवला की ते पुन्हा त्रास देत नाहीत. खरा घोटाळा करतात ते तीन-चार अक्षरांचे, पहिल्याच पुस्तकात भेटलेले आणि ओळखीचे म्हणून कधीही कोशात न पाहिलेले शब्द. ‘रन’ हे क्रियापद अशा शब्दांचा म्होरक्या म्हणावे लागेल.

‘रन’ म्हणजे धावणे, एवढे ज्ञान प्राथमिक शाळेतील मुलालाही असते. पण इंग्रजीत नदी ‘रन’ होते, नाक ‘रन’ होते, कारखाना, शाळा, नाटक, भाडेपट्टा, तुरुंगवासाची शिक्षा, फार काय कापडाचा रंगदेखील ‘रन’ होतो. यांपैकी एकालाही पाय नाहीत. ‘धावणे’ हा एकच प्रतिशब्द शिदोरीला घेऊन निघालेला विद्यार्थी पहिल्याच वळणावर अडखळतो. त्याहून वाईट गोष्ट अशी की, आपण नेमके कोठे अडखळलो हे त्याला कळत नाही. वाक्य समजले नाही याचा दोष तो शेजारच्या एखाद्या लांबलचक शब्दाला देतो. कारण ‘रन’ हा शब्द त्याला ‘येत’ असतो.

कोशकारांची डोकेदुखी

या छोट्या क्रियापदांनी परक्यांनाच छळले आहे असे नाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला विख्यात इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ज्या क्रियापदांविषयी स्पष्ट तक्रार नोंदविली त्यांत ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘टेक’ यांच्या जोडीला ‘रन’ही होते. या शब्दांचे अर्थ इतके सैल आणि इतके पसरलेले आहेत की त्यांना व्याख्येच्या दावणीला बांधणे दुष्कर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या विद्वानाने जवळजवळ एकहाती संबंध भाषेचा कोश रचला, त्याने हात टेकले ते अशा सोप्या शब्दांपुढे!

पुढे जेम्स मरे प्रभृतींच्या संपादनाखाली ऑक्सफर्डचा महाकोश १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी बाहेर पडला. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तोपर्यंत सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. नव्या आवृत्तीसाठी नोंदींचे पुनर्लेखन सुरू झाल्यावर हा मान ‘रन’कडे आला. पीटर गिलिव्हर या कोशकाराने या एका शब्दावर सुमारे ९ महिने काम केले आणि केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले. २०११ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून गाजली. तीन अक्षरांच्या शब्दाला ६४५ अर्थ, ही संख्या ऐकून विद्यार्थ्याने धसका घेण्याचे कारण नाही. ते ६४५ स्वतंत्र शब्द नव्हेत. ते एकाच कुटुंबाचे सदस्य आहेत आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते एकदा ध्यानात आले की पुष्कळशी भीती नाहीशी होते.

पाय, पाणी आणि यंत्र

या कुटुंबाचा मूळपुरुष पायांनी धावणारा नसून पाण्यासारखा वाहणारा असावा. जर्मन ही इंग्रजीची सख्खी बहीण. तिच्यात आजही ‘रिनेन’ म्हणजे पाझरणे किंवा वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणे अशी दोन क्रियापदे निराळी आहेत. इंग्रजीत त्या दोन धारा एकमेकींत मिसळल्या आणि ‘रन’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करू लागले. काही व्युत्पत्तिशास्त्रज्ञ तर त्याचा संबंध ज्या प्राचीन धातूशी लावतात, त्याच धातूशी वाहणे या अर्थाच्या संस्कृत ‘री’चे नाते जोडले जाते. आपला ‘रीती’ आणि त्यावरून आलेला ‘रीत’ हा शब्द याच ‘री’पासून निघालेला. ज्या मार्गाने पाणी वाहते तो प्रवाह. आणि ज्या मार्गाने माणसे पिढ्यान्‌पिढ्या जातात ती रीत.

वाहणे म्हटले की दोन कल्पना आपोआप येतात: एक सातत्याची आणि दुसरी दिशेची. इंग्रजीने या दोन्ही उचलल्या. सीमेवरून रस्ता ‘रन’ होतो, म्हणजे एका दिशेने पसरत जातो. नाटक सहा महिने ‘रन’ होते, म्हणजे खंड न पडता सुरू राहते. एखादा गुण घराण्यात ‘रन’ होतो, म्हणजे पिढीमागून पिढी उतरत येतो. पत्रातील मजकूर अमुक प्रकारे ‘रन’ होतो, म्हणजे शब्दामागून शब्द असा त्याचा ओघ आहे.

यानंतर आले यंत्र. पाणचक्की आणि घड्याळ यांना इंग्रजीने आधीच ‘रन’ लावले होते. वाफेच्या एंजिनाने त्या अर्थाचे रान माजविले. स्टॉकटन ते डार्लिंग्टन हा लोहमार्ग १८२५ मध्ये सुरू झाला आणि आगगाड्या ‘रन’ होऊ लागल्या. जे यंत्र ‘रन’ होते ते कोणीतरी ‘रन’ करीत असतो. म्हणून हे क्रियापद सकर्मक होऊन कारखाना, दुकान, खानावळ, संस्था आणि अखेर सरकार चालविण्यासाठी वापरले जाऊ लागले. विसाव्या शतकात संगणक आला तेव्हा त्याच्या प्रोग्रामसाठीही नवा शब्द घडवावा लागला नाही. समाजात नवे काही अवतरले की इंग्रजी भाषा पुष्कळदा त्याचे ओझे जुन्या, लहान क्रियापदाच्या डोक्यावर ठेवते. ६४५ अर्थांमागे केवळ भाषेची लहर नाही. त्यांच्यामागे औद्योगिक क्रांतीचा इतिहास उभा आहे.

एकाच इंग्रजीच्या दोन घरांतही या शब्दाचे वर्तन सारखे नाही. अमेरिकेतील उमेदवार अध्यक्षपदासाठी ‘रन’ करतो, तर ब्रिटनमधील उमेदवार संसदेसाठी ‘स्टँड’ करतो. मराठी उमेदवारही निवडणुकीला ‘उभा’ राहतो. एक धावतो, दुसरा उभा राहतो आणि दोघांचे काम एकच! प्रतिशब्दांवर विसंबणाऱ्याला यापेक्षा मोठा इशारा कोणता हवा?

मराठीची चाल

जेथे इंग्रजी धावते तेथे मराठी काय करते, हे पाहू लागले की एक मौजेची गोष्ट आढळते. मराठी बहुतेक ठिकाणी चालते. घड्याळ चालते, गिरणी चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाटक चालते, संसार चालतो. शाळा चालवायची असते आणि मोटारही चालवायची असते. इंग्रजी व्यापारी ज्याला ‘रनिंग अकाउंट’ म्हणतो त्याच जातीचा शब्द मराठीत ‘चालू खाते’ हा आहे. ‘चालू’ वर्ष आणि ‘चालू’ खर्च यांतही तेच क्रियापद आहे. एवढ्यावर हे थांबत नाही. खोटे नाणे चालत नाही, कोणाचे कोणापुढे चालत नाही, अडचणीच्या वेळी डोके चालत नाही, मोलमजुरीवर पोट चालते. ‘चालेल’ या एका शब्दात तर संमती, सवलत आणि तडजोड अशा तिन्ही गोष्टी येतात. ‘चाल’ म्हणजे पावलांची गती, गाण्याची चाल, बुद्धिबळातील चाल आणि समाजातील रूढीदेखील. ‘चालरीत’ या जोडशब्दात चालणे आणि वाहणे दोन्ही सुखाने एकत्र नांदतात.

‘धावणे’ हे मराठी क्रियापद मात्र आपल्या मूळ अर्थाच्या फार दूर गेलेले नाही. संकटात मित्र धावून येतो, भेट धावती असते, शिवणकामात धावदोरा असतो. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी ‘धावली’ असे आपण म्हणतो खरे. येथे मराठीही इंग्रजीच्या बरोबरीने धावली. क्रिकेटने ‘धावा’, ‘धावसंख्या’, ‘धावचीत’ हे शब्द दिले, विमानाने ‘धावपट्टी’ दिली आणि आकाशवाणीच्या काळात ‘धावते समालोचन’ रूढ झाले. त्यांतील ‘धावचीत’सारखा शब्द इतका चपखल बसला की तो घडविलेला आहे हे जाणवतही नाही.

चालणे आणि धावणे या दोहोंनाही जे पेलत नाही त्यासाठी मराठी आणखी निराळी क्रियापदे योजते. नदी वाहते, नाक गळते, कपड्याचा रंग जातो, खर्च कोटींच्या घरात जातो, उधारी चढते, घरातील साखर संपते, धोका पत्करावा लागतो. इंग्रजीने जे काम एका क्रियापदाकडून करून घेतले ते मराठीने दहा-बारा क्रियापदांत वाटून दिले. यात कोणती भाषा समृद्ध आणि कोणती दरिद्री हा वाद व्यर्थ आहे. प्रत्येक भाषेने आपापल्या घरातील कामे आपल्या सोयीने वाटली आहेत, एवढेच यातून सिद्ध होते. एका घरातील वाटणी दुसऱ्या घरावर लादली की गोंधळ होतो.

बँकेवरील ‘रन’

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याची या शब्दाशी दोन ठिकाणी हटकून गाठ पडते. त्यातील पहिले स्थळ बँकेचे. बँकेवर ‘रन’ आला म्हणजे काय? ठेवीदारांचा विश्वास उडाला आणि सर्वांनी एकाच वेळी पैसे परत मागण्यासाठी झुंबड केली, असा त्याचा अर्थ. कोणतीही बँक जमा झालेल्या ठेवी तिजोरीत जशाच्या तशा ठेवून बसत नाही. बराचसा भाग ती कर्जाऊ देते. त्यामुळे सर्व ठेवीदार एकदम दारात उभे राहिले तर धडधाकट बँकही कोसळू शकते. बँक बुडेल या भीतीने लोक धावतात आणि लोक धावले म्हणूनच बँक बुडते. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ मध्ये या दुष्टचक्राची तर्कशुद्ध मांडणी केली. २०२२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि बेन बर्नान्की यांना मिळाले.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९१३ मध्ये मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन बँका कोसळल्या. त्यानंतर १९६१ मध्ये ठेवविम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळाले. ही मर्यादा वाढत जाऊन २०२० मध्ये ५ लाख रुपये झाली. तिचा हेतू नुकसानभरपाईपुरता नाही. पैसे सुरक्षित आहेत अशी खात्री असेल तर लहान ठेवीदार धावतच सुटणार नाही, हा त्यामागील विचार आहे.

ब्रिटनमध्ये २००७ च्या सप्टेंबरात नॉर्दर्न रॉक या संस्थेच्या दारांपुढे रांगा लागल्या. १८६६ नंतर तेथील बँकेवर असा प्रसंग आला नव्हता, असे तेव्हा म्हटले गेले. पुढे ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून ग्राहकांनी एका दिवसात ४,२०० कोटी डॉलर काढून घेण्याच्या मागण्या नोंदविल्या आणि दुसऱ्या दिवशी ती बँक बंद झाली. या वेळी पैसे बोटांच्या टोकांनी, दूरध्वनीच्या पडद्यावरून हलले. तरीही इंग्रजीने त्याला ‘रन’च म्हटले आणि त्यात काही चूक झाली नाही. त्या शब्दाचा अर्थ पायांत कधी नव्हताच. तो एकाच दिशेने सुटलेल्या लोंढ्यात होता. ज्याला ‘रन’मधील पाण्याचा अर्थ ठाऊक आहे त्याला हा प्रयोग एका क्षणात उमगतो. ज्याने केवळ ‘धावणे’ पाठ केले आहे तो मात्र ‘बँक धावली’ असे लिहून मोकळा होतो.

दुसरे स्थळ ‘लाँग रन’चे. मराठी क्रमिक पुस्तकांत त्यासाठी ‘दीर्घकाळ’ हा शब्द आहे आणि तो योग्यही आहे. पण विद्यार्थी लगेच विचारतो, दीर्घ म्हणजे किती वर्षे? आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० मधील ग्रंथापासून स्थिरावलेल्या या संकल्पनेत वर्षांचा हिशेब गौण आहे. उत्पादकाला यंत्रे, इमारत, जागा असे सर्वच घटक बदलता येतील एवढी वाटचाल म्हणजे ‘लाँग रन’. भाजीच्या गाडीवाल्याचा दीर्घकाळ काही महिन्यांत पुरा होईल. पोलाद कारखान्याचा दीर्घकाळ दशकभराचाही असू शकेल. ‘रन’ म्हणजे येथे ओघ किंवा वाटचाल, हे शिक्षकाने दोन वाक्यांत सांगितले तर पुढची दोन पाने सोपी होतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९२३ मध्ये दीर्घकाळाच्या भरवशावर आजच्या संकटाकडे पाठ फिरविणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना जो प्रसिद्ध टोला हाणला, त्यातील मर्मही तेव्हाच कळते.

कचेरीत आणि न्यायालयात

परीक्षेतील वाक्य चुकले तर दोन गुण जातील. कचेरीत आणि न्यायालयात याच शब्दाची किंमत अधिक आहे. एखाद्या आरोपीला दोन गुन्ह्यांसाठी अनुक्रमे ३ आणि २ वर्षांची शिक्षा झाली आणि दोन्ही शिक्षा ‘कन्करंटली रन’ होतील असे निकालपत्रात म्हटले, तर त्या एकाच वेळी भोगावयाच्या असतात आणि ३ वर्षांत संपतात. त्या ‘कन्सेक्युटिव्हली रन’ होणार असतील तर एकीमागून दुसरी याप्रमाणे ५ वर्षे होतात. दोन वर्षांचे आयुष्य या वाक्याच्या अर्थावर टांगलेले असते. क्रियाविशेषण कोशात सापडेल. पण शिक्षा ‘रन’ होते म्हणजे तिचा काळ जात राहतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याला वाक्याचा सांधाच जुळविता येणार नाही.

१९६३ च्या मुदतीच्या कायद्यातही काळ ‘रन’ होऊ लागतो. अमुक दिवसापासून मुदत ‘रन’ होऊ लागली, म्हणजे ती मोजण्यास सुरुवात झाली. तिला नुसते ‘आउट’ हे उपपद जोडले की मुदत संपली! पहिल्या वाक्यात दावा करण्यास अजून अवधी आहे. दुसऱ्यात दार बंद झाले आहे. इंग्रजी परिपत्रके आणि करारनामे वाचून ज्यांना टिपणी लिहावी लागते अशा लिपिकांना या भेदाची जाणीव असणे किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

ही उपपदे म्हणजे या क्रियापदाची दुसरी फौज. ‘आउट’ जोडले की साठा संपतो किंवा फलंदाज धावचीत होतो, ‘इंटू’ जोडले की जुना मित्र अचानक भेटतो किंवा खर्च लाखांच्या घरात जातो, ‘अप’ने उधारी चढते, ‘डाउन’ने माणसाची निंदा होते किंवा वस्तू मोडकळीस येते, ‘ओव्हर’ने कोणीतरी गाडीखाली सापडतो किंवा सभा ठरल्या वेळेपेक्षा लांबते. क्रियापद तेच राहते, पण शेजारी बदलला की वाक्याचे भवितव्य बदलते.

‘लागणे’ ज्याला येते

हे सारे वाचून इंग्रजी भाषाच विक्षिप्त आहे असा समज कोणी करून घेईल. तसे होऊ नये म्हणून घरातलेच एक क्रियापद तपासून पाहावे. भूक लागते आणि ठेच लागते. आग लागते आणि झोपही लागते. नोकरी लागते, निकाल लागतो, लग्न लागते. प्रवासाला वेळ लागतो, घराला पैसे लागतात, झाडाला आंबे लागतात. मुलाला नाद लागतो, बाळाला दृष्ट लागते, चोरीचा छडा लागतो. एसटी फलाटाला लागते आणि तीच एसटी घाटात एखाद्याला ‘लागते’ही. ‘तो तुझा कोण लागतो?’ या प्रश्नात नाते येते. ‘तो बोलायला लागला’ यात आरंभ आहे. ‘त्याला बोलायला लागले’ यात सक्ती आहे. एका प्रत्ययाच्या फरकाने आरंभाची सक्ती होते.

महाराष्ट्रात आलेल्या परक्या माणसाने ‘लागणे’चा एक इंग्रजी प्रतिशब्द मागितला तर त्याला काय द्यावे? मोलस्वर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये व दुसरी १८५७ मध्ये निघाली. त्या इंग्रज कोशकारांना अशा क्रियापदांनी किती जेरीस आणले असेल याची कल्पना करता येते. पण मराठी घरातील पाच वर्षांचे मूल हे सर्व प्रयोग बिनचूक करते. त्याला कोणी ‘लागणे’च्या अर्थांची यादी पाठ करावयास दिलेली नसते. ‘भूक’ ऐकू आली की पाठोपाठ ‘लागली’ येते, हे त्याने वाक्यांतून उचललेले असते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हे भाषाशिक्षणातील मर्म त्या मुलाने शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच आत्मसात केलेले असते.

आणि नेमके हेच शहाणपण इंग्रजीच्या तासाला वर्गाबाहेर ठेवले जाते. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी प्रतिशब्द, मध्ये उभी रेघ आणि घोकंपट्टी ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जुन्या पिढीने इंग्रजी गिरवले ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. त्या पाठमालेला आज कोणी कितीही हसो, तिच्यात निदान वाक्ये होती. पुढे मार्गदर्शिकांच्या लाटेत वाक्ये गेली आणि याद्या तेवढ्या उरल्या. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. वर्षे वाढली, पण ‘रन म्हणजे धावणे’ हा पहिल्या इयत्तेतील प्रतिशब्दच बारावीपर्यंत पुरवावयाचा असेल, तर वाढलेल्या वर्षांनी काय साधले?

यावर उपाय नवा नाही आणि खर्चिकही नाही. बंगालमध्ये ढाक्याला अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी सुमारे २,००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची सूची १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे वैशिष्ट्य असे की, एकेका शब्दाचा कोणता अर्थ प्रत्यक्ष लेखनात किती वेळा येतो, याचेही प्रमाण तिच्यात दिले होते. ज्या अर्थांची गाठ वारंवार पडते ते आधी शिकवावेत आणि विरळ अर्थ पुढे ढकलावेत, हा त्यातील साधा व्यवहार आहे. त्या दृष्टीने ‘रन’चे ६४५ नव्हे, पंधरा-वीस अर्थ विद्यार्थ्याला पुरेसे आहेत. जपानमध्ये अध्यापन करणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी १९४२ मध्ये परभाषक विद्यार्थ्यांसाठी कोश सिद्ध केला. ऑक्सफर्डने १९४८ पासून प्रसिद्ध केलेला विद्यार्थिकोश त्याचाच वारस. त्यात अर्थाइतकेच महत्त्व वाक्यरचनेला दिलेले असते. असा कोश अनेक शाळांच्या कपाटात असतो. मात्र नोंदीची पहिली ओळ वाचून तो मिटण्याची सवय मोडली पाहिजे.

शिक्षकाने वर्षभरात अशी दहाच क्रियापदे निवडावीत. प्रत्येकाची वीस वाक्ये फळ्यावर मांडावीत आणि प्रत्येक वाक्यासमोर संपूर्ण मराठी वाक्य विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे. कोठे ‘चालते’ येते, कोठे ‘वाहते’, कोठे ‘संपते’ हे मुले स्वतः शोधू लागली, की परकी भाषा आपल्या भाषेच्या उजेडात दिसू लागते. मराठी माध्यमाचा विद्यार्थी आपल्या मातृभाषेला इंग्रजीच्या वाटेतील धोंड समजतो. वास्तविक ‘लागणे’ आणि ‘चालणे’ यांचा अनुभव ही त्याच्यापाशी असलेली सर्वांत मोठी पुंजी आहे. ती वापरावयास त्याला कोणी शिकविले नाही, एवढेच.

या उपायाचा लाभ मराठीलाही होईल. हल्ली कचेऱ्यांतून आणि सुशिक्षित घरांतून ‘तो धंदा रन करतो’, ‘योजना रन होते’ असे सर्रास ऐकू येते. कोणत्याही इंग्रजी क्रियापदाला ‘करणे’ जोडले की काम भागते, आणि त्याबरोबर मराठीचे एकेक क्रियापद निकामी होत जाते. परक्या शब्दाचा अनादर करण्याचे कारण नाही. ‘धावचीत’ घडविणाऱ्या भाषेला परक्या कल्पनांचे भय नसते. पण ज्या भाषेत घड्याळापासून संसारापर्यंत सारे काही चालते, तिच्या लेकरांना साधे दुकान ‘चालविण्यासाठी’ उसना शब्द घ्यावा लागावा, याचा विचार शाळेतील फळ्यापासूनच सुरू झाला पाहिजे.